शोभेच्या कोंबड्या: जे सुंदर दिसतं, तेच जपावं लागतं

देशी कोंबडीचं एक पीस हातात घ्या आणि टोकाकडून मुळाकडे बोट ओढा. पीस विस्कटतं, मधे भेगा पडतात. आता मुळाकडून टोकाकडे बोट फिरवा, ते पुन्हा जुळून येतं. पिसाच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात आणि बॅगेच्या चेनसारखे ते एकमेकांत अडकतात. सिल्की जातीच्या कोंबडीत हे आकडे नीट तयारच होत नाहीत. त्यामुळे तिचं पीस मोकळं राहतं आणि ती सशासारखी मऊ, केसाळ दिसते. याच कारणामुळे ती पावसात चिंब भिजते, तिला उडता येत नाही आणि अंगाची ऊबही तिला साध्या कोंबडीइतकी धरून ठेवता येत नाही.

मोबाइलवर अशा कोंबड्यांचे व्हिडिओ पाहून पुण्यात बंगलेवाले, रो-हाउसवाले, मुळशी-भोरकडे शेतघर असलेले अनेकजण 'फॅन्सी' कोंबड्या घेतात. दर काही महिन्यांनी बर्ड फ्लूची बातमी येते आणि घरात चलबिचल सुरू होते. या कोंबड्या नेमक्या काय आहेत, इथल्या हवेत कशा राहतात आणि भीती कितपत खरी आहे, हे एकदा नीट समजून घेऊ. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ज्या वैशिष्ट्यासाठी तुम्ही पक्षी घेता, रोजची मेहनत बहुधा त्याच वैशिष्ट्यावर होते.

बँटम म्हणजे बुटकी कोंबडी, पण सगळ्या शोभेच्या कोंबड्या बँटम नसतात

जावा बेटावर बांतेन नावाचं बंदर आहे. युरोपी खलाशांनी तिथून लहान चणीच्या कोंबड्या नेल्या आणि बंदराच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'बँटम' हा शब्द रूढ झाला. यात दोन प्रकार येतात. पहिला, मोठ्या जातीची छोटी आवृत्ती. तिचं वजन साधारण मूळ जातीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकं भरतं. दुसरा, मुळातच लहान असलेली जात, जिची मोठी आवृत्ती नाही. जपानी बँटम, सेब्राइट आणि मलेशियातल्या केलांतानची सेरामा या दुसऱ्या प्रकारातल्या. सेरामाचं वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आत असतं.

याउलट ब्रह्मा शोभेची असूनही बँटम नाही. तिचा कोंबडा पाच किलोपर्यंत जातो. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं, जात मात्र अमेरिकेत घडली. त्यामुळे विक्रेता 'फॅन्सी' म्हणाला की लगेच विचारावं: पूर्ण वाढ झाल्यावर वजन किती? खुराड्याचं माप त्यावर ठरतं.

सौंदर्यामागची जनुकं

पालकांकडून पिल्लाकडे येणाऱ्या गुणाच्या सूचनेला जनुक म्हणतात. प्रत्येक गुणासाठी एक चिठ्ठी आईकडून आणि एक बापाकडून मिळते, असं समजा.

जपानी बँटमचे पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकतं. आखूड पायांची एक चिठ्ठी मिळाली तर पाय आखूड होतात. दोन मिळाल्या तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे आखूड पायांचा नर आणि आखूड पायांची मादी अशी जोडी लावली, की फळलेल्या चार अंड्यांमागे सरासरी एक पिल्लू बाहेरच येत नाही, दोन आखूड पायांची निघतात आणि एक लांब पायांचं. 'अंडी उबवायचं मशीन खराब आहे, अंडी फुटत नाहीत' या तक्रारीचं मूळ कधीकधी इथे असतं. त्याच जातीतलं लांब पायांचं पिल्लू सांभाळून जोडीला लावलं तर मर टळते आणि निम्मी पिल्लं तरीही आखूड पायांची मिळतात.

उलट्या, कुरळ्या पिसांच्या फ्रिझललाही हाच हिशोब लागतो. दोन फ्रिझल एकत्र लावले तर काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की अंग उघडं पडतं. फ्रिझलची जोडी नेहमी सरळ पिसांच्या पक्ष्याशीच लावावी.

डोक्यावर पिसांचा फुगा असलेल्या पोलिशमध्ये, म्हणजे आपल्या बाजारातल्या 'पोलिश कॅप'मध्ये, कवटीच्या हाडालाच वर घुमटासारखा उंचवटा असतो. पिल्लूपणी तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. दुसऱ्या कोंबडीची एक जोरदार चोच तिथे बसली तर मेंदूला इजा होते. वर तुऱ्याच्या पिसांनी डोळे झाकलेले, त्यामुळे समोरून येणारी चोच तिला दिसतही नाही. पोलिशला आडदांड देशी कोंबड्यांत सोडू नये. डोळ्यांवरची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापावीत किंवा छोट्या मऊ रबराने वर बांधावीत. दिसायला लागलं की तोच बुजरा पक्षी दोन दिवसांत हातावरचं खायला लागतो.

पुण्याची हवा कोणाला मानवते?

कोंबडीला घाम येत नाही. माणसाचं अंग माठासारखं गार होतं: पाणी बाहेर झिरपतं, सुकतं आणि उष्णता घेऊन जातं. कोंबडीकडे मुख्य वाटा दोनच आहेत, उघड्या चोचीने धापा टाकणं आणि तुऱ्यातून, गळ्याखालच्या लाल लोंबीतून उष्णता सोडणं. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ४०ला टेकतो तेव्हा उष्णता सोडायला जागाच उरत नाही. सिल्कीचा तुरा बारका आणि अंगावर केसांची रजई, म्हणून उन्हाळा तिला जास्त जड जातो. पायांपर्यंत पिसं असलेल्या कोचीनचंही तसंच. जपानी बँटमचा तुरा मोठा असतो, ती उन्हाळा तुलनेने बरा काढते.

उन्हाळ्यात दुपारी ११ ते ४ खाणं काढून घ्या; पचनातूनही उष्णता तयार होते. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या. पाण्याची भांडी मातीची आणि सावलीत, दिवसातून तीनदा पाणी बदललेलं. पत्र्यावर चुन्याचा हात द्या आणि वर ५० टक्के सावलीची शेडनेट ताणा, पत्रा आणि जाळी यांत एक फूट मोकळी हवा ठेवून. जाळी पत्र्याला चिकटवली तर तीही तापते आणि उपयोग अर्धा होतो. एखादी कोंबडी पंख अंगापासून लांब धरून, डोळे मिटून धापा टाकत बसली, तर तिचे पाय साध्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा. बर्फाचं पाणी नको. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ येतं तेही धापांमुळेच: श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचाच्या घडणीला तो कमी पडतो.

पण खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोचीन किंवा पायावर पिसं असलेला कोणताही पक्षी चिखलात फिरला की बोटांना मातीचे गोळे चिकटतात, सुकून दगड होतात आणि ओढल्यावर नखासकट निघतात. गोळा ओढू नका, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून बोटांनी कुस्करा. पाऊस जोरात असेल तेव्हा अशा पक्ष्यांना छपराखाली कोरड्यातच ठेवावं. मुळशी, लोणावळ्याच्या बाजूला शेतघर असेल तर माझं स्पष्ट मत: सिल्की आणि कोचीन घेऊ नका. त्या पावसात त्यांना कोरडं ठेवणं शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाला जमत नाही.

हिवाळ्यात पाषाण-एनडीएकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तरी मोठ्या कोंबडीला फारसा त्रास होत नाही. पिल्लांना होतो. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसं बँटमचं इवलंसं पिल्लू पटकन गार पडतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश हवेत, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं नेमकं सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून किंचाळत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून लांब कडेला जाऊन चोच उघडत असतील तर गरम, सगळीकडे पसरून खात-झोपत असतील तर बरोबर. सेरामाच्या पिल्लांच्या पाण्यात गोट्या टाकून ठेवा. बोटभर पाण्यातही ती बुडतात.

खुराडं: जाळीत चूक झाली की रात्रीत सगळं संपतं

चार बँटमसाठी रात्रीची बंद पेटी ४ बाय २ फूट आणि दिवसा फिरायला ८ बाय ४ फुटांचा जाळीचा भाग पुरतो. याहून कमी जागेत पिसं उपटणं सुरू होतं.

बाजारात षटकोनी छिद्रांची कोंबडी-जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. घूस तर ती कुरतडते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांधे जोडलेली चौकोनी छिद्रांची जाळी, घ्या आणि खाली जमीन असेल तर जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवून मातीखाली दाबा. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो, आडवी जाळी लागली की सोडून देतो. कडीला साधी खिट्टी न लावता पिळून लावायचा हूक लावा. दारावरची फट बोटभर असेल तर धामण आत येते आणि अंडी, पिल्लं गिळते.

सिल्कीला उडता येत नाही, म्हणून बसायची दांडी फुटापेक्षा उंच नको. दांडी दीड-दोन इंच रुंद, कडा घासलेली. अंड्यासाठी दहा इंचांचा चौकोनी खोका. तळाला भाताच्या तुसाचा तीन-चार इंच थर घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी खालवर करा. कोरडं तूस विष्ठेतलं पाणी शोषतं, ओलं झालं की अमोनियाचा वास सुटतो. तो वास उभं राहून ओळखू नका. कोंबडीच्या उंचीपर्यंत वाका. तिथे डोळे चुरचुरले तर तूस आजच बदलायला हवं; कोंबडी रात्रभर तीच हवा घेते. एका कोपऱ्यात घमेल्यात वाळू आणि चाळलेली लाकडाची राख ठेवा. त्यात लोळून ती पिसांतल्या उवा झाडते.

गच्चीवर खुराडं ठेवणाऱ्यांनी पाण्याच्या टाकीपासून ते लांबच ठेवावं. वाळलेली विष्ठा वाऱ्याने उडते आणि टाकीचं झाकण नेहमीच घट्ट नसतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

खाणं

एक बँटम दिवसाला ४० ते ६० ग्रॅम खाते. चौघींना महिन्याला सहा किलो लागतात. पावसाळ्यात याहून जास्त साठा करू नका. दमट खाद्यावर बुरशी येते आणि तिचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं. वास कुबट आला की पोतं टाकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका. बुरशी सुकते, विष राहतं.

पहिले आठ आठवडे सुमारे २० टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य, मग वाढत्या पक्ष्यांचं ग्रोअर, अंड्यावर आल्यावर अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं लेअर. लेअर खाद्यात कवचासाठी चुनखडी भरपूर असते. ती पिल्लांना दिली तर मूत्रपिंडं बिघडतात. नर-मादी, लहान-मोठे एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी घालणारी कोंबडी गरजेपुरता चुरा आपणच खाते. ब्रॉयलरचं खाद्य महिनोन् महिने देऊ नये, ते सहा आठवड्यांत मांस चढवण्यासाठी बनवलेलं असतं. घरातला भात, पोळी, ब्रेड एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. मेथी, कोथिंबिरीचे देठ, शेवग्याचा पाला बारीक चिरून द्या. लांब देठ आणि सुतळीचे धागे गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंता करून अडकतात.

'दोन्ही माद्या' सांगून घेतले आणि दोन्ही नर निघाले तर?

बहुतेक वेळा विक्रेता फसवत नसतो. सिल्कीचा नर-मादी फरक चार-पाच महिन्यांपर्यंत भल्याभल्यांना कळत नाही. इतर जातींत नराच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, टोकदार होतात. सिल्कीची पिसंच मोकळी, त्यामुळे ती खूण पुसट. सेब्राइटमध्ये तर नराची पिसंसुद्धा मादीसारखी गोल असतात, तो या जातीचा मूळ गुणच आहे. म्हणून सोसायटीत राहणाऱ्याने पिल्लं न घेता पाच-सहा महिन्यांची, अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरुण मादी, घ्यावी. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही; तो फक्त पिल्लांसाठी लागतो.

कोंबडा आला की बांग आली. ती उजेड पाहून दिली जाते हा समज अर्धाच खरा आहे. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते पहाटेच्या ठरलेल्या वेळी आरवले. घड्याळ त्यांच्या अंगात असतं. त्यामुळे खुराड्यावर काळं कापड टाकून बांग थांबत नाही. बँटमचा आवाज तर मोठ्या कोंबड्यापेक्षा चिरका. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि पहाटे चारची बांग शेजारच्या खिडकीत ती सहज ओलांडते. शेजाऱ्याची तक्रार रास्त असते. बांग दाबण्यासाठी गळ्याला पट्टा बांधायचा उपाय सांगितला जातो, तो करू नका. त्याच गळ्यातून उन्हाळ्यात त्याला धापा टाकायच्या असतात.

नको झालेला कोंबडा तळजाईवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी सोडून देणं हा क्रूरताविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपल्या सह्याद्रीत राखाडी रानकोंबडा राहतो, त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पाळीव पक्ष्याचे आजार त्याच्यापर्यंत पोचवायला एक सोडलेला कोंबडा पुरतो.

आणि एकच कोंबडी कधीही आणू नका. कळपाशिवाय ती खाणं कमी करते, दिवसभर हाका मारत राहते. किमान तीन हव्यात.

आजार: लस आणि कोरडी जमीन

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा सर्वांत धोक्याचा. हिरवी हगवण, मान मुरगळणं, पाय लुळे पडणं, आणि दोन-चार दिवसांत कळप साफ. उपचार नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चार आठवड्यांनी पुन्हा, आठव्या आठवड्याला आर-टू-बी हे इंजेक्शन. लासोटा न देता थेट आर-टू-बी दिलं तर ती तीव्र लसच पिल्लाला आजारी पाडू शकते.

अडचण अशी की लसीची बाटली शेकडो मात्रांची येते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत वापरावी लागते. चार पक्ष्यांसाठी बाटली फोडायला जीवावर येतं, मग लस राहूनच जाते. यावर एकच उपाय चालतो: परिसरातल्या पाच-दहा पाळणाऱ्यांनी पिल्लांच्या तारखा जुळवून एका सकाळी एकत्र लस द्यायची. बर्फाच्या डब्यातून, २ ते ८ अंशांत आणलेलीच लस घ्या. पुण्याला एक सोय जवळची आहे: औंधची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था कोंबड्यांच्या लसी बनवते आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करता येते.

सिल्की आणि सेब्राइट मरेक या आजाराला विशेष बळी पडतात. दोन-चार महिन्यांचा पक्षी एक पाय पुढे, एक मागे ताणून पडतो, भूक असते पण उठवत नाही. ही लस पिल्लू निघाल्याच्या पहिल्याच दिवशी द्यावी लागते, त्यामुळे ती पैदास करणाऱ्याच्या हातात असते. घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच.

पावसाळ्यात तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. तिचे जंतू ओल्या, उबदार तुसात एक-दोन दिवसांत तयार होतात. कोरड्यात वाढत नाहीत. पशुवैद्य अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगतात. त्याच वेळी कोणी शक्तीसाठी बी जीवनसत्त्वाचं औषध घातलं तर गुण येत नाही, कारण हे औषध जंतूला बी-वन मिळू न देऊनच काम करतं.

बर्ड फ्लू आणि जीबीएस

देशात एच५एन१ बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. लागण जंगली पक्ष्यांच्या विष्ठेतून, बाजारातून आणलेल्या पक्ष्यांतून आणि माणसाच्या बुटांना लागून येते. म्हणून खाण्या-पाण्याची भांडी छपराखाली, कावळे-कबुतरं येणार नाहीत अशी ठेवा आणि खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवा. अचानक एकामागून एक मरणं, निळा पडलेला तुरा, सुजलेलं तोंड दिसलं तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९च्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. लागण सिद्ध झाल्यास त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी नष्ट केले जातात, लाडकेही. हे घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला आणि कोंबड्यांकडे बोट दाखवलं गेलं. हा जीवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि कोंबडी धडधाकट दिसते, हे खरं. माणसात तो अर्धकच्च्या मांसातून, दूषित पाण्यातून किंवा विष्ठा लागलेल्या हातांमधून जातो. लागण झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. म्हणजे कोंबडी मांडीवर घ्यायला हरकत नाही, तिची पापी घ्यायला आहे. हाताळल्यावर साबणाने हात, खुराड्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीशिवाय नाही. आणि वर सांगितलेली टाकी.

विकत घेताना

पैसे देण्याआधी पक्षी हातात घ्या. छातीचं मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर तो उपाशी किंवा आजारी आहे. शेपटीखालची पिसं बाजूला करा. मुळाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. पायाचे खवले उचललेले, खरखरीत असतील तर आत खरजेचे किडे आहेत, पिसं असलेल्या पायांत ते हमखास लपतात. नाकपुडीजवळ बुडबुडा, डोळ्यात फेस, श्वासाला घरघर असेल तर किंमत कितीही कमी असो, परत ठेवा.

नवा पक्षी थेट जुन्यांत सोडायचा नाही. २१ दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, शक्य तेवढा लांब, आणि रोज आधी जुन्यांना खाणं घालून मग नव्याकडे जायचं. त्या काळात नवा पक्षी शिंकला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.